पेठेतला रस्ता सुधारायचा तर: साताऱ्यासाठी मोजणीपासून निधीपर्यंतची वाट

साताऱ्यात रहदारीचा विषय निघाला की चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, 'रस्ते रुंद केल्याशिवाय काही खरं नाही.' नव्या वसाहतींत ते चालेल. पेठांत रुंदीकरण म्हणजे वाडे, भाडेकरू, भाऊबंदांच्या वाटण्या आणि कोर्टकचेऱ्या. विकास आराखड्यात रेषा मारली म्हणून जागा ताब्यात येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे ती संमतीने, टीडीआर-एफएसआय (जागेच्या बदल्यात जादा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा भूसंपादन करून घ्यावी लागते. बहुतेक वेळा ती मिळते एकेक वाडा नव्याने बांधायला निघेल तशी, म्हणजे एका दारापुढे दोन मीटर आणि शेजारच्या दारापुढे शून्य.

तेव्हा आहे त्या रुंदीत काय करता येतं आणि त्याला पैसा कुठून आणायचा, एवढ्यावरच इथे बोलू. प्रभागातले रहिवासी, राजपथावरचे दुकानदार आणि पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आपल्याकडे निवेदनं भरपूर जातात, फोटोही छापून येतात. पण सरकारी निधी 'समस्या' या नावाने पडत नाही. तो 'काम' या नावाने पडतो, आणि कामाला लांबी, रुंदी, मालक, अंदाजपत्रक आणि लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर पडतो ते) लागतं. त्यामुळे खाली अर्ध्याहून जास्त मेहनत निधी मागण्याआधीचीच आहे.

पहिली पायरी: तुकडा छोटा निवडा

'शहराची वाहतूक सुधारा' या मागणीवर कुणी सही करणार नाही. 'मोती चौक ते देवी चौक' हे काम होऊ शकतं. समर्थ मंदिर चौक हेही होऊ शकतं. तुकडा निवडताना रहदारी कुठून कुठे जाते ते मात्र डोक्यात हवं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर गाव वसलेलं असल्याने पूर्व-पश्चिम वाटा मोजक्याच आहेत: वरचा राजपथ, खालचा कर्मवीर पथ, आणि राजवाड्याकडून एसटी स्टँडकडे जाणारा राधिका रोड. बाकी सगळे चढ-उताराचे बोळ. त्यात पश्चिमेला कासच्या फुलांच्या पठारावर जायचं तर यवतेश्वर घाट आणि सज्जनगड-ठोसेघरला जायचं तर बोगदा. दोन्हीकडची गर्दी समर्थ मंदिराच्या बाजूला एकवटते. फुलांच्या हंगामातल्या रविवारी इथे होणारी कोंडी सातारकरांची नसते, पण हॉर्न सातारकरांनाच ऐकावे लागतात.

पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर (वाहनांना वेगवेगळ्या पातळ्यांवरून नेणारा मार्ग) २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याने नाक्यावरचं एकमेकांना छेदणं कमी केलं. पण नाक्यातून लवकर सुटलेली गाडी पुढे पेठेच्या जुन्याच रुंदीत शिरते. म्हणून एका चौकाचं काम मागताना पुढच्या चौकाचं काय होईल, हा प्रश्न तुम्हीच आधी विचारा. बैठकीत तो कुणीतरी विचारणारच आहे.

दुसरी पायरी: रस्ता कुणाचा?

सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी पायरी. शहरातला रस्ता पालिकेचा असेलच असं नाही. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे असतात. महामार्गाचे सेवारस्ते आणि वाढे फाटा, बॉम्बे रेस्टॉरंट चौक अशा ठिकाणचे पूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. पालिकेच्या नावाने दिलेलं निवेदन मग तीन टेबलं फिरून 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत येतं.

सप्टेंबर २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हे भाग पालिकेत आले. तिथे गुंता आणखी वेगळा. प्लॉट पाडताना सोडलेले अंतर्गत रस्ते पालिकेच्या ताब्यात रीतसर आलेले नसतील, तर सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असू शकतं. अशा रस्त्यावर सरकारी पैसा खर्च करायला लेखापरीक्षण हरकत घेतं.

करायचं काय? पालिकेच्या बांधकाम विभागात रस्त्यांच्या नोंदवहीचा उतारा मागा. विकास आराखड्यात रस्त्याची मंजूर रुंदी बघा. नगर भूमापन कार्यालयातून त्या पट्ट्याचा नकाशा घ्या. तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात 'का केलं नाही' असं विचारू नका, 'नोंदीची प्रत द्या' एवढंच मागा. उत्तर लवकर येतं आणि टाळताही येत नाही.

तिसरी पायरी: मोजा

मोजणीला सल्लागार लागत नाही. चार कॉलेजची पोरं, पॅड, पेन आणि १५ मिनिटांचे रकाने पुरतात. एक कामाचा दिवस, एक बाजाराचा दिवस, एक रविवार. सकाळी शाळेची वेळ आणि संध्याकाळी सहा ते आठ. दुचाकी, चारचाकी, रिक्षा, एसटी, वडाप (खासगी प्रवासी जीप), टेम्पो, हातगाडी वेगवेगळे मोजा, आणि पायी चालणारेही मोजा. चालणारे मोजायला लोक विसरतात आणि मग पदपथाची गरज सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

हे आकडे एका मापात आणायला इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १०६ ही संहिता वापरतात. तीत कार म्हणजे १ एकक. प्रवाहात ज्या वाहनाचा वाटा १० टक्के किंवा त्याहून जास्त, त्याचा गुणक मोठा धरतात: दुचाकी ०.७५, रिक्षा २. बसचा वाटा थोडा असेल तर गुणक २.२. समजा एका तासात ९०० दुचाकी, २०० कार, १५० रिक्षा आणि १२ बस गेल्या. हिशेब होतो ६७५ + २०० + ३०० + सुमारे २६, म्हणजे जवळपास १,२०० एककं.

आता हेच माणसांत मोजा. १२ बसमध्ये सरासरी ४० जण धरले तर ४८० माणसं, आणि त्यांनी रस्त्याची २६ एककं वापरली. २०० कारमध्ये दोन-दोन जण धरले तर ४०० माणसं, आणि वापरली २०० एककं. एवढा एक तक्ता बैठकीत ठेवला की 'बस बाहेरूनच वळवा, राजपथ मोकळा होईल' ही सूचना आपोआप मागे पडते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही भर वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यावर आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

पार्किंगचीही मोजणी करा, पण वेगळ्या रीतीने. दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून काढा. कोणती गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत हललीच नाही ते यातून कळतं. बाजारपेठेत अशा गाड्या बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या नसून दुकानदाराच्या किंवा त्याच्या नोकरांच्या निघतात. ही यादी जाहीर वाचून दाखवू नका. व्यापाऱ्यांच्या दोन जाणत्या माणसांना आधी खासगीत दाखवा, पुढचं काम सोपं होतं.

अपघातांची नोंद पोलिसांकडे असते आणि ती आता ई-डार या अपघात नोंदीच्या संगणक प्रणालीत भरली जाते. वाहतूक शाखेकडे तुमच्या तुकड्याची तीन वर्षांची माहिती मागा.

चौथी पायरी: टेप घेऊन रस्ता आडवा मोजा

दर २० मीटरवर जोत्यापासून जोत्यापर्यंत. पायऱ्या, गटाराची झाकणं, महावितरणचे खांब, डीपी (विजेच्या पेट्या), फलक, झाडं, सगळं कागदावर उतरवा. जुन्या गावात सर्वांत अरुंद जागा कोणती, तीवर सगळा आराखडा ठरतो.

समजा सर्वांत अरुंद जागी ९ मीटर आहेत. आयआरसी १०३ प्रमाणे पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, बाजारपेठेत त्याहून जास्त. दोन्ही बाजूंचे ३.६ मीटर गेले, उरले ५.४. यात दुहेरी वाहतूक आणि पार्किंग दोन्ही बसत नाहीत, कितीही रंग मारला तरी. एकेरी केली तर ३.५ मीटरची मार्गिका आणि एका बाजूला १.९ मीटरची पट्टी, म्हणजे जेमतेम दुचाकीच्या लांबीएवढी. चारचाकी पार्किंग या तुकड्यात नाहीच. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण ते मतावर नसून टेपवर ठरलेलं असतं.

पदपथाची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. आपल्याकडे गटाराच्या झाकणावरच पदपथ करतात आणि तो गुडघ्याएवढा उंच होतो. मग आजी-आजोबा रस्त्यातूनच चालतात. प्रत्येक दुकानापुढे उतार काढून पदपथाची घसरगुंडी करू नका. उतार चौकात आणि ओलांडायच्या जागी असावा.

साताऱ्यात आणखी एक माप लागतं, ते कुठल्याच संहितेत नाही: गणपतीच्या मिरवणुकीचा ट्रक. दुभाजक, बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब), फुलझाडांच्या कुंड्या, कमानी, जे काही बसवाल ते मिरवणुकीच्या मार्गावर काढता येईल असं ठेवा. नाहीतर पहिल्याच अनंत चतुर्दशीला जेसीबी येतो आणि काढलेली वस्तू परत बसत नाही. अग्निशमन बंबाला वळता येईल का, हेही त्याच वेळी बघा.

रस्त्याखाली काय आहे, ते पेठेतल्या जुन्या माणसांना आणि पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमन-फिटरना विचारा. या गावाला यवतेश्वरकडून आणि कासहून पाणी आणलं गेलं, पेठापेठांत हौद बांधले गेले. जुन्या वाहिन्यांचे नकाशे सगळीकडे पूर्ण नाहीत. काँक्रीट ओतायच्या आधी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेण्याची तरतूद अंदाजपत्रकातच घाला. वारसा यादीतली इमारत किंवा संरक्षित स्मारक लगत असेल तर परवानगीची चौकशी आत्ताच करा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असतात.

पाचवी पायरी: आधी महिनाभर करून बघा

एकेरी वाहतूक, सम-विषम तारखेचं पार्किंग, अवजड वाहनांना दिवसा बंदी, यांना सिमेंट लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे वाहनांवर निर्बंध घालता येतात. त्यातली एक सोय फार कमी लोक वापरतात: निर्बंध एक महिन्याहून जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर पुरेशी प्रसिद्धी दिली की पुरते. कलम ११७ खाली पार्किंगच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवता येतात. दोन्हींसाठी वाहतूक शाखेला तुमच्या मोजणीसह पत्र द्या आणि प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या.

प्रयोगाला शंकू, दोरी, चुना आणि सकाळ-संध्याकाळ उभी राहणारी माणसं लागतात. महिना निवडताना दिवाळीही टाळा आणि परीक्षांचे दिवसही. एकात सगळंच अडतं, दुसऱ्यात सगळंच सुरळीत दिसतं. महिनाअखेरीस तीच मोजणी पुन्हा करा. फरक पडला नाही तर ते मान्य करून आराखडा बदला. शंकू उचलायला खर्च नाही, दुभाजक फोडायला आहे.

सहावी पायरी: ज्यांची जागा जाते त्यांच्याशी आधी बोला

हातगाडीवाले हा कोंडीचा सर्वांत सोपा आरोपी. कारवाईचा ट्रक येतो, तीन दिवस रस्ता मोकळा, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत त्यांना हलवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडलेले असतात. तुमच्या आराखड्यात विक्रीची जागा आखलेली असेल आणि तिला या समितीची संमती असेल, तरच काम टिकतं. राजवाड्याजवळची चौपाटी नुसती हटवा म्हणणाऱ्यांनी तिथली संध्याकाळची गर्दी कुठे जाणार, याचं उत्तर आधी द्यावं.

रिक्षा थांब्याचं तसंच. थांबा चौकाच्या तोंडावर असतो, कारण गिऱ्हाईक तिथे असतं. तो ३०-४० मीटर आत घ्यायचा तर आत दिवा, फलक आणि शेड हवं. वडापवाल्यांशी बोलताना ते बेकायदेशीर आहेत एवढंच सांगून उपयोग नाही. ज्या गावांना एसटीची फेरी अडीच तासांनी आहे, तिथली माणसं त्यातूनच येतात. शहरातली बससेवा एसटी महामंडळाकडे आहे, म्हणून थांबे आणि फेऱ्यांची मागणी विभाग नियंत्रकांकडे करावी लागते. 'पालिकेने ई-बस आणाव्यात' असं दर निवडणुकीत ऐकू येतं. केंद्राची २०२३ ची पीएम ई-बस सेवा तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आखलेली आहे. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या १,२०,१९५ होती. त्या दारात वेळ घालवू नका.

सातवी पायरी: काम फोडा आणि प्रत्येक भागाला त्याचं शीर्ष द्या

इथे बहुतेक प्रस्ताव अडकतात. चार कोटींचं एकच देखणं काम कागदावर छान दिसतं, पण ते कुठल्याच एका योजनेत पूर्ण बसत नाही. एकच आराखडा मंजूर करून घ्या आणि कामं वेगवेगळ्या खिशांतून करा. निविदेची मर्यादा चुकवायला काम तोडणं नियमबाह्य आहे, तेवढं मात्र करू नका. योजनेच्या नियमांप्रमाणे भाग पाडणं वेगळं.

पालिकेचा स्वनिधी छोट्या आणि तातडीच्या गोष्टींना: पट्टे, फलक, झेब्रा, आरसे, एखादा गतिरोधक. याच पैशातून पुढची देखभालही होते, म्हणून हे शीर्ष अंदाजपत्रकात दरवर्षी यायलाच हवं. रस्ता अनुदान डांबरीकरणाला आणि दुरुस्तीला जातं. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) आपल्या आकाराच्या शहरांच्या अनुदानापैकी ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. रस्त्याला मिळू शकत होता तो उरलेल्या ४० टक्क्यांतला वाटा. पुढच्या आयोगाच्या अनुदानाबाबतही पहिला प्रश्न हाच विचारा: बांधील किती, अबंधित किती?

मोठं दार आहे जिल्हा वार्षिक योजनेचं. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात. सुवर्णजयंती नगरोत्थान महाभियानाचा जिल्हास्तरीय भाग आणि नागरी वस्ती सुधारणेच्या योजना याच वाटेने येतात. प्रस्ताव पालिकेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत जातो. नगरोत्थानात पालिकेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. तो कुठून भरणार हे ठरावातच लिहा. हिश्शाअभावी मंजूर कामं पडून राहतात. राज्याच्या नगरविकास विभागाकडचं वैशिष्ट्यपूर्ण कामांचं विशेष अनुदान हे दुसरं दार. तिथे राजकीय पाठपुरावा लागतो, हे उघड आहे.

आमदार आणि खासदार निधी वर्षाला प्रत्येकी पाच कोटींचा. एसटीचे थांबे, पदपथाचा तुकडा, पेव्हर, दिवे यांना तो चांगला. खासदार निधीतून देखभाल होत नाही. रस्ता बांधकाम विभागाचा असेल तर मात्र वाट निराळी: काम त्या खात्याच्या अर्थसंकल्पात किंवा केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधीत घालावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खातं सातारच्याच आमदारांकडे आलं. अशा वेळी कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर तयार आराखडा नसेल तर दोष मुंबईला देता येत नाही.

अमृत २.० चं नाव बैठकीत हमखास निघतं. ती पाणी आणि मलनिस्सारणाची योजना आहे. फायदा एवढाच की तिची खोदाई तुमच्या रस्त्यावर येणार असेल, तर पृष्ठभागाचं काम तिच्या नंतरच लावा.

आठवी पायरी: अंदाजपत्रक, मान्यता आणि दिनदर्शिका

नगर अभियंता अंदाजपत्रक बांधकाम खात्याच्या चालू दरसूचीवर करतात. तुम्ही तपासायचं ते राहून गेलेल्या बाबींसाठी: खांब सरकवणं, गटाराची दुरुस्ती, चाचणी खड्डे, काम चालू असताना लागणारे अडथळे-फलक, साहित्याची चाचणी, १८ टक्के जीएसटी. खांब सरकवण्याचे पैसे धरले नाहीत की नव्या पदपथाच्या मधोमध खांब उभा राहतो. अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

मग पालिकेचा ठराव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश. प्रत्येक टप्प्याचा क्रमांक आणि तारीख स्वतःच्या वहीत लिहा. टेबलावर 'फाइल कुठे आहे' असं विचारण्यापेक्षा 'अमुक क्रमांकाच्या पत्रावर शेरा काय' असं विचारलेलं बरं.

वेळापत्रक उलटं मांडा. साताऱ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत डांबराचं काम होत नाही. निधी ३१ मार्चशी बांधलेला असतो. पालिकेचं अंदाजपत्रक आणि जिल्हा योजनेचा पुढच्या वर्षाचा आराखडा या दोन्हींची घडी जानेवारी-फेब्रुवारीत बसते. म्हणजे मोजणी पावसाळा संपताच, प्रयोग नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास दिवाळी सोडून, आणि अंदाजपत्रकासह प्रस्ताव जानेवारीच्या आत. फेब्रुवारीत पोहोचलेला प्रस्ताव त्याच्याही पुढच्या वर्षाच्या रांगेत उभा राहतो. निवडणुकीची आचारसंहिता कधी लागेल याचा अंदाज घेऊन कार्यादेश तिच्या आधी निघेल असं बघा.

नववी पायरी: काम सुरू झाल्यावर

कामाच्या जागी फलक हवा: कामाचं नाव, रक्कम, योजना, ठेकेदार, मुदत, दोष दायित्व कालावधी (बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत). नसेल तर पहिल्याच दिवशी लेखी मागा. मंजूर आडव्या छेदाची प्रत दोन दुकानदारांकडे ठेवा, पदपथ १.८ चा १.२ कधी होतो, हे रोज तिथे बसणाऱ्यालाच दिसतं. वाद घालायचा तो मजुरांशी नाही. कनिष्ठ अभियंत्याला फोटो आणि मापासह पत्र द्या, आणि देयक निघण्याआधी द्या. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन पैसे गेले की मग तुमच्या पत्राला फारसं वजन राहत नाही. त्रयस्थ तांत्रिक परीक्षणाचा अहवाल माहिती अधिकारात मिळतो.

काम संपल्यावर तीन महिन्यांनी जुन्याच रकान्यांत पुन्हा मोजणी करा. पुढच्या तुकड्याचा प्रस्ताव याच तक्त्यावर उभा राहणार आहे. दोष दायित्व कालावधी संपायच्या दोन महिने आधी, शक्यतो एका पावसाळ्यानंतर, पूर्ण तुकडा चालून बघा. खचलेले पेव्हर, तुटलेली झाकणं, पुसलेले पट्टे यांची यादी मुख्याधिकाऱ्यांना आवक क्रमांकासह द्या आणि दुरुस्ती झाल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सोडू नये, असं त्यात स्पष्ट लिहा.